दार कोणी उघडले? ख्रिस्ती श्रद्धा, राजकीय स्वातंत्र्य आणि बंडखोर संगीत

आपण मंडळीच्या उपासनेत गिटार वाजवता आणि बाहेर मित्रांबरोबर मोठ्या आवाजाचे, रागाने भरलेले रॉकही वाजवता. मंडळीतील वडीलधाऱ्यांच्या मते बंडखोर संगीत आणि ख्रिस्ती श्रद्धा एका घरात नांदू शकत नाहीत. बँडमधील मित्र म्हणतात की चर्च आजवर सत्तेच्याच कडेने चालत आले आहे, त्यामुळे स्वातंत्र्याच्या गोष्टी आपल्या तोंडी शोभत नाहीत. या दोघांना काय उत्तर द्यावे, असे आपण विचारले आहे.

पंचवीसहून अधिक वर्षे मी उपासनेतील संगीताची जबाबदारी सांभाळत आलो आहे आणि चर्चच्या इतिहासाबरोबर संगीताचा इतिहासही शिकवतो. हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या तोंडांनी अनेकदा आला आहे. बहुतेक वेळा वाद गाण्याच्या शब्दांवर जातो: शब्द शुद्ध आहेत की नाहीत, त्यात येशूचे नाव आहे की नाही, शिवी आहे की नाही. माझ्या अभ्यासातून आणि एका चुकीतून मला जे उमगले ते असे, की श्रद्धा, स्वातंत्र्य आणि बंडखोर संगीत ही तिन्ही जिथे खरोखर एकत्र आली, तिथे ती शब्दांमुळे आली नाहीत. ज्याला ते संगीत आवडत नव्हते किंवा कळतही नव्हते, अशा कोणीतरी आपले दार त्या संगीतासाठी उघडले आणि त्याची किंमत मोजली, म्हणून ती एकत्र आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, कम्युनिस्ट राजवटीखालच्या चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी या दोन देशांत हे स्पष्ट दिसते, म्हणून मी तिथूनच उत्तर देतो.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालील वॉर्सा कराराच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि त्यानंतर काही आठवड्यांतच प्रागमध्ये मिलान ह्लावसा या तरुण बास गिटारवादकाने ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा बँड उभा केला. या मुलांना राजकारण करायचे नव्हते. त्यांना न्यूयॉर्कच्या आणि कॅलिफोर्नियाच्या बंडखोर बँडांसारखे वाजवायचे होते, केस वाढवायचे होते आणि आपल्याला सुचेल ते गायचे होते. परंतु त्या व्यवस्थेत वाजवण्यासाठीही सरकारी परवाना लागे आणि तो १९७० मध्ये त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. मग ते लग्नांत आणि खेड्यांतील गुत्त्यांत, खासगी समारंभ म्हणून वाजवू लागले. कलेचा इतिहास शिकलेले इव्हान यिरौस हे त्यांचे मार्गदर्शक होते. या साऱ्याला त्यांनी ‘दुसरी संस्कृती’ म्हटले. सरकारमान्य संस्कृतीशी स्पर्धा न करणारी, तिच्याकडून शाबासकीची अपेक्षाही न ठेवणारी, आपल्या पायांवर उभी असलेली संस्कृती, असा त्यांचा अर्थ होता.

या वर्तुळात दोन माणसे अशी होती, ज्यांच्याकडे आपल्या वडीलधाऱ्यांनी आवर्जून पाहावे. पहिले व्रातिस्लाव ब्राबेनेत्स. हे सॅक्सोफोनवादक प्रागच्या प्रोटेस्टंट धर्मशास्त्र विद्याशाखेत शिकलेले होते. दुसरे स्वातोप्लुक कारासेक, चेक बंधूंच्या इव्हँजेलिकल मंडळीचे पाळक. तिथे पाळकाला उपदेश करायलासुद्धा सरकारी संमती आवश्यक असे, आणि कारासेक यांची ती काढून घेण्यात आली होती. व्यासपीठ गेल्यावर त्यांनी गिटार हाती घेतली आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय मंडळींच्या भक्तिगीतांच्या व ब्लूजच्या चालींवर चेक भाषेत उपदेश रचले.

त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यात सैतानाला ‘नाही’ म्हणायला सांगितले आहे आणि त्याचे मूळ रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांच्या गाण्यात आहे. डेव्हिस हे अंध, गिटारवादक आणि दीक्षित बाप्टिस्ट उपदेशक होते. अमेरिकेच्या दक्षिणेत जन्मलेल्या आणि रस्त्यावर उभे राहून गाणाऱ्या एका अंध उपदेशकाचे गाणे, लोखंडी पडद्यापलीकडच्या, बोलायला बंदी असलेल्या पाळकाच्या तोंडी येते, तेव्हा त्याचे व्याकरण बदलत नाही, पण पत्ता बदलतो. डेव्हिस यांच्या ओळीतला सैतान प्रत्येकाच्या मनात दडलेला मोह होता. कारासेक तीच ओळ गात तेव्हा ऐकणाऱ्याला चौकशीच्या खोलीतील तो अधिकारीही आठवे, जो फक्त एक सही मागतो आणि त्या बदल्यात नोकरी शाबूत ठेवतो. कारासेक यांना रूपक वेगळे जुळवावे लागले नाही. मोहाविषयीची साधी ख्रिस्ती शिकवण त्या देशात आपोआप राजकीय झाली होती, कारण ‘नाही’ म्हणणे हाच तिथे गुन्हा होता.

फेब्रुवारी १९७६ मध्ये यिरौस यांच्या लग्नाच्या निमित्ताने बोयानोवित्से या गावी या बँडांचा मेळावा झाला आणि मार्चमध्ये धरपकड झाली. सप्टेंबरमध्ये प्रागच्या न्यायालयात चौघांवर खटला चालला. आरोप देशद्रोहाचा नव्हता. तो सार्वजनिक शांतताभंगाचा होता आणि पुरावा म्हणून गाण्यांतील अश्लील शब्द पुढे करण्यात आले. यिरौस यांना १८ महिने, ‘डीजी ३०७’ या बँडचे पावेल झायीचेक यांना १२ महिने आणि कारासेक व ब्राबेनेत्स यांना प्रत्येकी ८ महिन्यांची शिक्षा झाली. चौघांपैकी एक पाळक आणि एक धर्मशास्त्र शिकलेला, ही गोष्ट माझ्या मते पुरेशी बोलकी आहे. तरी मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्या न्यायालयाच्या बाहेर घडले.

या मुलांच्या बाजूने कोण उभे राहिले ते पाहा. नाटककार वाक्लाव हावेल खटल्याला हजर राहिले. खटल्याच्या आधीच सात चेक साहित्यिकांनी आणि विचारवंतांनी जर्मन लेखक हाइनरिश ब्योल यांना उघडे पत्र लिहून साहाय्य मागितले होते. त्यांत पुढे १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले वृद्ध कवी यारोस्लाव साइफर्ट होते, आणि यान पातोच्का होते. पातोच्का हे जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल यांचे शिष्य, ग्रीक तत्त्वज्ञानात आयुष्य घालवलेले, सत्तरीला टेकलेले प्राध्यापक. त्या कर्णकटू संगीतात त्यांना रस असण्याचे काहीही कारण नव्हते. तरीही त्यांनी या मुलांच्या बचावासाठी निबंध लिहिला. ज्यांच्याजवळ ना पद आहे, ना कीर्ती, ना पूर्वीचे राजकीय हिशेब, अशांना फक्त स्वतःसारखे जगल्याबद्दल तुरुंगात टाकले जाते, तेव्हा स्वातंत्र्याचा गाभाच धोक्यात येतो, हे या मंडळींनी ओळखले.

त्यातून जानेवारी १९७७ मध्ये ‘सनद ७७’ हे मानवी हक्कांविषयीचे पत्रक प्रसिद्ध झाले. हावेल, पातोच्का आणि माजी परराष्ट्रमंत्री यिरी हायेक हे या सनदेचे पहिले प्रवक्ते. तिच्यात तरुण संगीतकारांवरील खटल्यांचा उल्लेख आहे आणि धर्मस्वातंत्र्याच्या गळचेपीबद्दलही स्पष्ट तक्रार आहे. हे दोन्ही मुद्दे एकाच पत्रकात आले, याकडे आपण लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाळकाकडून संमती काढून घेणारा कायदा आणि बँडकडून परवाना काढून घेणारा कायदा यांची मुळे एकाच जागी होती: माणसांनी कुठे, कोणाबरोबर आणि कशासाठी जमावे हे सरकार ठरवील, या दाव्यात. दीर्घ चौकश्यांनंतर पातोच्का यांची प्रकृती ढासळली आणि १३ मार्च १९७७ रोजी ते वारले.

कॅथलिक विचारवंत वाक्लाव बेंडा यांचे उदाहरण मला आणखी जवळचे वाटते. ते सनातनी म्हणता येतील इतके निष्ठावान कॅथलिक आणि कुटुंबवत्सल गृहस्थ होते. १९७८ मध्ये त्यांनी ‘समांतर नगरी’ची कल्पना मांडली: सरकारशी थेट टक्कर घेण्याची ताकद नसेल, तर शिक्षण, माहिती, कला, परस्परसाहाय्य यांची स्वतःची छोटी केंद्रे उभी करावीत आणि माणसांना तिथे मोकळेपणाने जगू द्यावे. अशी रचना आधीच कुठे उभी राहिली आहे, याचा विचार करताना त्यांनी सर्वांत विकसित नमुना म्हणून दाखवली ती यिरौस यांची दुसरी संस्कृती, म्हणजे तेच लांब केसांचे, दारू पिणारे, शिव्या देणारे संगीतकार. या मुलांच्या राहणीशी बेंडा यांचे काहीच जुळत नव्हते. तरी ते जे काही घडवत होते, ते खरे आहे हे त्यांनी मान्य केले आणि आपल्या वाचकांपुढे ते मांडले. १९७९ ते १९८३ ही चार वर्षे त्यांनी तुरुंगात काढली.

आता पूर्व जर्मनी. इथे गोष्ट विचारांच्या पातळीवरून प्रत्यक्ष इमारतीपर्यंत येते आणि आपल्यासारख्या मंडळीत काम करणाऱ्याला ती अधिक उपयोगी आहे.

पूर्व बर्लिनच्या फ्रीडरिखशाइन भागात शोमरोन्याच्या दाखल्यावरून नाव दिलेले एक चर्च आहे. तेथील पाळक रायनर एपेलमान हे मूळचे गवंडीकाम शिकलेले. सक्तीच्या लष्करी सेवेत शपथ घ्यायला नकार दिल्याबद्दल त्यांनी ८ महिने तुरुंगवास भोगला होता. ब्लूज वाजवणारे ग्युंटर होल्वास त्यांच्याकडे चर्चमध्ये कार्यक्रम करण्याची कल्पना घेऊन आले. अडचण अशी होती की सार्वजनिक कार्यक्रमाची सरकारकडे नोंद करून परवानगी घ्यावी लागे, आणि सूट होती ती केवळ धार्मिक उपासनेला. तेव्हा त्यांनी ब्लूजची उपासना करायचे ठरवले. १ जून १९७९ रोजी पहिली ‘ब्लूज-मिसा’ झाली आणि हा क्रम १९८६ पर्यंत चालला. संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली, मोठी चर्चे शोधावी लागली, आणि दूरदूरच्या शहरांतून मुले रेल्वेने येऊ लागली.

ही केवळ कायद्यातील पळवाट होती, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पळवाट एवढेच मनात असते, तर सुरुवातीला एक प्रार्थना उरकून नुसते वाजवता आले असते. तिथे ब्लूजच्या मधे शास्त्रवाचन असे, प्रवचन असे, रोजच्या जगण्यातील भीती आणि खोटेपणा यांवर छोटी नाट्ये असत, मध्यस्थीच्या प्रार्थना असत. ज्यांनी आयुष्यात कधी चर्चची पायरी चढली नव्हती, ती मुले हे सगळे बसून ऐकत. आणि त्याच वेळी मंडळीतील जुनी माणसे अंगणात पडलेल्या बाटल्या आणि सिगारेटची थोटके पाहत होती, गोंगाटाच्या तक्रारी येत होत्या, सरकार चर्चच्या वरिष्ठांवर दबाव आणत होते, आणि गर्दीत गुप्त पोलिसांचे खबरे बसलेले होते. त्या वृद्धांना ब्लूज आवडत होता असे समजण्याचे कारण नाही. तरी सात वर्षे दार उघडे राहिले, कुरकुरत का होईना. त्या कुरकुरीचा मी मनापासून आदर करतो, कारण आवडीच्या माणसासाठी दार उघडणे कोणालाही जमते.

ब्लूजनंतर पंक, म्हणजे आणखी कर्कश आणि रागीट रॉक, आले, आणि ते पचवणे चर्चला अधिक कठीण गेले. ३० एप्रिल १९८३ रोजी हाले शहरातील ख्रिस्त चर्चमध्ये पंक बँडांचा मेळावा झाला. त्याच वर्षी ‘नामेनलोस’, म्हणजे ‘निनावी’, या बर्लिनच्या बँडचे सदस्य पकडले गेले आणि गाण्यांच्या शब्दांवरून त्यांना तुरुंगात जावे लागले. या मुलांपैकी पुष्कळांना देवाशी काही देणेघेणे नव्हते, आणि चर्चचे छप्पर मिळाले म्हणून त्यांनी तसे सोंगही केले नाही.

इथे एका गोष्टीची नोंद आपल्या मित्रांसाठी केली पाहिजे. १७ ऑक्टोबर १९८७ रोजी बर्लिनच्या त्सिऑन चर्चमधील मैफल संपत असताना नवनाझी तरुणांच्या टोळीने श्रोत्यांवर हल्ला चढवला. तेही स्वतःला व्यवस्थेविरुद्धचे बंडखोर समजत होते, त्यांचीही आपली गाणी होती. म्हणून बंडखोरी हा शब्द ऐकताच मान डोलावू नये. गाण्यातील राग कोणावर रोखलेला आहे, बळकटावर की दुबळ्यावर, हे मी प्रत्येक वेळी विचारतो, आणि गाणे धार्मिक असले तरी विचारतो.

आपले मित्र चर्चवर जो आरोप करतात, तो अर्धा खरा आहे आणि तो मान्य केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. चेकोस्लोव्हाकियात १९७१ पासून सरकारधार्जिण्या कॅथलिक धर्मगुरूंची ‘पाचेम इन तेरिस’ नावाची संघटना होती. १९८२ मध्ये व्हॅटिकनने अशा राजकीय संघटनांत धर्मगुरूंनी राहू नये असे बजावले, तेव्हा कुठे तिचा जोर ओसरू लागला. प्रोटेस्टंट नेतृत्वातही, आहे तेवढी मोकळीक जाऊ नये म्हणून गप्प बसणारे पुष्कळ होते. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याची शिकवण त्यांनी ढालीसारखी वापरली. मी तो अध्याय नाकारत नाही. पण तो लिहिणारा पौल स्वतः फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री सीलाबरोबर गात होता, आणि इतर बंदिवान ते ऐकत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा त्याने नागरिक म्हणून असलेला हक्क पुढे केला आणि त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे असा आग्रह धरला. गाणे आणि नागरी हक्क, दोन्ही एकाच रात्रीत आणि एकाच माणसाच्या ठायी आहेत.

संगीताच्या बाजूनेही वडीलधाऱ्यांशी थोडे बोलावे लागेल. ‘असे काळोखे, कर्कश संगीत उपासनेला अयोग्य’ या म्हणण्याला माझे उत्तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र हे असते. ते अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुरुंगातून सुटल्यावर ब्राबेनेत्स यांनी शास्त्रवचनांच्या आधारे ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा रचली. एप्रिल १९७८ मध्ये प्लास्टिक पीपलने ती हावेल यांच्या ह्रादेचेक येथील शेतघरी वाजवली आणि ध्वनिमुद्रितही केली. ती ऐकताना सॅक्सोफोन आणि व्हायोला एकमेकांना सावरत नाहीत, ओरबाडतात. गाणारे आवाज गोड नाहीत. उत्तम शुक्रवारी मी वर्षानुवर्षे सुरेल, सुंदर रचना बसवल्या आहेत आणि पुढेही बसवीन. परंतु वधस्तंभाभोवतीचा जमाव किती कुरूप वाटला असेल, हे मला पहिल्यांदा त्या ध्वनिमुद्रणाने ऐकवले.

आता माझ्या चुकीविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी तीन तरुण माझ्याकडे मंडळीचे सभागृह सरावासाठी मागायला आले. मी म्हणालो, आधी गाण्यांचे शब्द दाखवा. त्यांनी एक शाळकरी वही आणून दिली. मी ती घरी नेऊन काळजीपूर्वक वाचली, दोन गाण्यांवर पेन्सिलने खुणा केल्या आणि प्रेमाने समजावून परत दिली. त्यांनी आभार मानले, वही घेतली आणि ते पुन्हा कधीच आले नाहीत. पुढे पूर्व जर्मनीतील बँडांना परवान्यासाठी कोणत्या समित्यांपुढे उभे राहावे लागे, हे वाचत असताना ती वही माझ्या डोळ्यांपुढे आली. माझ्या हाती सत्ता नव्हती, तुरुंग तर नव्हताच, पण पेन्सिल तीच होती.

म्हणून आपण वडीलधाऱ्यांशी बोलाल तेव्हा त्यांच्याकडून आपल्या संगीताला शाबासकी मागू नका. ती मिळाली तरी तिचा उपयोग नाही, आणि शाबासकीची अपेक्षा न ठेवण्याचे यिरौस यांचे म्हणणे इथेही लागू आहे. महिन्यातून एका संध्याकाळसाठी फक्त जागा मागा. आपल्या मित्रांना तिथे बोलवा, परंतु त्यांना गळ टाकून पकडण्यासाठी नव्हे. प्रार्थना करायची असेल तर ती उघडपणे, आधी सांगून करा, आणि ज्याला त्या वेळी बाहेर थांबायचे असेल त्याला थांबू द्या. मित्रांनाही स्पष्ट सांगा की ही जागा दुसऱ्या कोणाच्या श्रमाने बांधलेली आहे आणि रविवारी सकाळी ती स्वच्छ मिळाली पाहिजे.

वडीलधाऱ्यांपैकी ज्यांचा विरोध सर्वांत तीव्र आहे, त्यांना पहिल्या संध्याकाळी येऊन मागच्या बाकावर बसण्याची विनंती करा. शेवटपर्यंत थांबण्याचा आग्रह धरू नका. आवाज किती वाजता थांबेल, किल्ली कोणाकडे राहील, शेजाऱ्यांना आधी कोण भेटून येईल आणि अंगण कोण झाडेल, हे सगळे कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या आणि झाडणाऱ्यांच्या यादीत आपले नाव पहिले लिहा. शब्दांची वही त्यांनी मागितली, तर ती नम्रपणे नाकारा. हवे तर माझ्या पेन्सिलची गोष्ट त्यांना सांगा. ती सांगण्याची मी आपल्याला मोकळीक देतो.